जुनी बुलेट ३५०: टॅपेटच्या झाकणामागचा नट निघेना, पाना कुठला घेऊ?

साताऱ्याचा_बुलेटवाला:
नमस्कार मंडळी. बाबांची ७४ ची बुलेट आहे, बिडाचा ब्लॉक (सिलिंडर), उजव्या पायात गिअर. रिंगा बदलायच्यात म्हणून हेड उतरवलं, तिथवर सगळं मस्त, पण ब्लॉक काही केल्या वर येईना, अर्धा तास हलवत बसलो मग कळलं की टॅपेटचं (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांचं) झाकण उघडल्यावर आत अजून एक नट दडलाय. तिथे सॉकेट बसत नाही, रिंग पाना भिंतीला घासतो आणि साधा पाना कसाबसा घातला तर तो फिरून दोन कोपरे गोल झालेत. आमचा मिस्त्री म्हणतो छिन्नी मारू. काय करू?

तेलकट_हात:
छिन्नी?? मिस्त्रींना आधी चहा पाजून घरी पाठव. आणि ब्लॉकच्या फिनखाली (बाहेरच्या थंडाव्याच्या पट्टीखाली) स्क्रूड्रायव्हर घालून उचकटत असशील तर तेही थांबव, बीड वाकत नाही, सरळ तुटतं. मी दोन फिना घालवल्यात तशा. पाना कितीचा लावलास?

साताऱ्याचा_बुलेटवाला:
दादा १४ चा. १३ चा जातच नव्हता.

नानापेठकर:
इथेच घोळ आहे. हे इंजिन मूळ इंग्लंडचं, मद्रासला १९५५ पासून जुळणी सुरू झाली पण आटे इंग्रजीच राहिले. १३ अडकतो नि १४ फिरतो म्हणजे नट १/४ व्हिटवर्थच्या (जुन्या इंग्रजी इंची मापाच्या) पान्याचा, तोंड साधारण १३.३ मिमी. बाकी ठिकाणी १५ अडकून १६ फिरला तर ५/१६ चा, तो १५.२ चा असतो. पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नाही, म्हणून दुकानात पट्टी लावून मागू नकोस. पान्यावर "१/४ डब्ल्यू, ५/१६ बीएस" असं कोरलेलं बघ, डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, बीएस हे दुसरं इंग्रजी माप, तोंड दोन्हींचं एकच. पुण्यात येणार असशील तर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार, ढिगात जुने इंग्रजी पाने सापडतात, घासाघीस कर.

तेलकट_हात:
+१. पण एकाच्या जागी दोन घे, एक कापायला. रिंग पान्याची बाहेरची भिंत ग्राइंडरवर पातळ करायची, दर चार-पाच सेकंदांनी पाण्यात बुडवत, निळा पडला की गेला कामातून. भिंत पातळ झाली की त्या कोनाड्यात बरोबर बसतो.

कोल्हापूरची_मीनल:
मी साधा फिक्स पानाच वापरते, त्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं ना, एकदा फिरवायचा मग उलटा करून पुन्हा लावायचा, म्हणजे नटाला निम्म्या जागेत पकड मिळते. अर्धा तास लागतो, हात सोलतात, पण निघतो. गोल झालेल्या कोपऱ्यांवर मात्र फिक्स नको, तिथे सहा कोनी रिंगच, बारा कोनी लावलास तर उरलेले कोपरेही जातील. आणि हो, सगळ्यात आधी खाली जाणाऱ्या भोकांत चिंधी कोंब!! माझा वायसर एकदा आत पडला, लोहचुंबकाने पाऊण तास मासेमारी केली.

साताऱ्याचा_बुलेटवाला:
ताई चिंधीचं डोक्यातच नव्हतं आलं, आत्ता कोंबली. गॅसने तापवू का थोडं?

कोल्हापूरची_मीनल:
आधी रॉकेल नि गिअर तेल मिसळून दोन रात्री पाजत ठेव. तापवायचं झालं तर टाकी उतरवून लांब ने, आणि पाजलेलं तेल पुसून, चिंधीही काढून. पेटलेली चिंधी इंजिनमध्ये नको.

साताऱ्याचा_बुलेटवाला:
अपडेट: निघाला!!! तीन रात्री तेल पाजलं, मग घासलेला रिंग पाना आणि त्यावर लाकडी दांड्याने बारीक बारीक ठोके, चौथ्या ठोक्याला "टक" झालं आणि मी घाबरलो, वाटलं स्टड (नट बसतो तो आटेदार दांडा) तुटला, तर नट सुटला होता. नटावर जुने छिन्नीचे घाव आहेत. बाबांना दाखवला तर हसायला लागले, म्हणे ८५-८६ साली त्यांनीच मारलेले.

नानापेठकर:
बाबांना नमस्कार सांग. तो नट परत बसवू नकोस. आणि अडीच सुती (५/१६ इंची) स्टड असेल तर त्यावर आठचा मेट्रिक नट चढवून बघायचा मोह आवर, दीड-दोन आटे गोड चढतो मग स्टडच खातो. जुना नट खिशात घालून ये, दुकानदाराच्या हातात दे, तो त्याच आट्याचा देईल.

तेलकट_हात:
दोन घे, एक पडणारच आहे.