नायट्रो रोलर कोस्टरमध्ये उलटं झाल्यावर खरंच काय होत नाही ना?

शाहूपुरीकर: दिवाळीत पोराला घेऊन कोल्हापुरातनं खोपोलीला इमॅजिका थीम पार्कला जायचं ठरवलंय, त्याला नायट्रोतच बसायचंय. मी आजवर जत्रेतल्या पाळण्यापलीकडं गेलो नाही, आणि ह्याला पायाखाली फळीच नाही, वर पाच वेळा उलटं करतंय. सोबत बसू का नको?

शिरोलीवाला: भावा बस बिनधास्त. मी फॅब्रिकेशनमधला, त्यामुळं तिथं राइडपेक्षा ट्रॅकच जास्त बघितला. चाकं तीन तऱ्हेची असतात, रुळावर चालणारी, बाजूनं टेकणारी आणि खालनं पकडणारी, म्हणून उलटी झाली तरी गाडी रूळ सोडत नाही. गाडीला इंजिन नसतंय, साखळी 40 मीटरच्या आसपास वर ओढून नेती, पुढं सगळं त्या उंचीच्या जोरावर पळतंय. आणि लूप, म्हणजे उलटं करणारं ट्रॅकचं वेटोळं, गोल नसतोय, थेंबासारखा असतोय, वर वळण लहान म्हणून वेग कमी झाला तरी माणूस सीटला दाबून राहतो, खाली वळण मोठं म्हणून अंगावर भार बेताचा येतो. लई डोकं लावलेलं काम आहे ते!

रंकाळा_संध्याकाळ: दादा, बीपी, हार्ट किंवा मणक्याचा त्रास असला तर मात्र बसू नका. डोकं मागं टेकवून ठेवा, मी पुढं वाकले होते तर मान दोन दिवस धरली होती. पोराची उंची घरीच मोजा, कमी पडली तर दारातनं परत पाठवतात, लेकरू लई हिरमुसतं. आणि भरपेट मिसळ खाऊन चढू नका.

शाहूपुरीकर: मणका ठीक आहे ताई. आजच उंची मोजतो.