शाळिग्राम बघून मुलगा म्हणाला "हे तर हेलिक्स फॉसिल"! पोकेमॉन कार्डांवरचे समुद्री प्राणी खरंच होऊन गेलेत का?

अनघा_ठाणे

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे. माझा मुलगा ९ वर्षांचा, पोकेमॉन कार्डांचं जबरदस्त वेड, २०२३ च्या '१५१' सेटमधली बरीच कार्डं जमवलीत त्याने. परवा वाईला सासरी गेलो होतो. आबांच्या देव्हाऱ्यात एक जुना शाळिग्राम आहे, एका बाजूने टवका उडालेला, आणि आत वळणावळणाचं चक्र दिसतं. पोराने ते बघितलं आणि पूजा चालू असतानाच ओरडला, "आबा, हे हेलिक्स फॉसिल आहे, यातून ओमनाइट निघतो!" आबा आधी चिडले, मग हा धावत जाऊन कार्ड घेऊन आला, दोन्ही शेजारी शेजारी धरलं आणि आबा गप्पच झाले. तीच वळणं, त्याच आडव्या रेघा.

आता आबा रोज फोन करून मलाच विचारतायत की हा नक्की कुठला प्राणी, आणि मला काही सांगता येत नाही. शाळिग्राम खरंच प्राणी असतो का? आणि त्याच्याकडे कबुटो, ॲनोरिथ, लिलीप, रेलिकँथ अशी पण कार्डं आहेत, ते पण खरे होते की नुसती चित्रकाराची कल्पना? कुणाला माहिती असेल तर नीट सांगा, आबांना अर्धवट उत्तर चालत नाही.

दगडधोंडे

ताई, तुमच्या मुलाची नजर एकदम बरोबर आहे. मी भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलंय, आमच्या सरांनी पहिल्याच तासाला शाळिग्रामच दाखवला होता. चक्रवाला शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात ते मिळतात, साधारण १५-१६ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा हिमालय नव्हताच, तिथे टेथिस समुद्र होता, पुढे भारताचा भूखंड आशियाला जाऊन धडकला आणि तो समुद्रतळच वर उचलला गेला, म्हणून समुद्रातला जीव आज मुक्तिनाथाच्या डोंगरात सापडतो. मला अजूनही हे सांगताना अंगावर काटा येतो.

अमोनाइट दिसायला शंखासारखा असला तरी गोगलगाय नव्हे, तो म्हाकूळ आणि ऑक्टोपसचा नातलग. शंखात आडव्या भिंती घालून कप्पे केलेले, प्राणी स्वतः फक्त शेवटच्या मोठ्या कप्प्यात राहायचा आणि मागच्या कप्प्यांत हवा, म्हणजे पाण्यात तरंगता येतं. ओमनाइटच्या चित्रात शंखातून बाहेर आलेले पाय दिसतात ते याच हिशोबाने. आकार म्हणाल तर नखाएवढे पण असायचे आणि जर्मनीत १८९५ मध्ये सापडलेला एक तर जवळजवळ पावणेदोन मीटर व्यासाचा आहे, बैलगाडीच्या चाकापेक्षा मोठा. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर सगळे संपले.

एक सांगून ठेवतो, मुलगा आता सह्याद्रीत शोधायला निघेल, तिथे नाही मिळायचे. आपला बहुतेक महाराष्ट्र लाव्हाच्या थरांचा आहे. अमोनाइट बघायचे तर कच्छ, किंवा तामिळनाडूत अरियालूर.

डेक_मास्टर_पुणे

कार्डांच्या बाजूने मी सांगतो, कारण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट चित्रं नाही, नियम वाटतात.

इंग्रजीत 'फॉसिल' नावाचा सेट आला १९९९ ला, ६२ कार्डांचा. त्यात ओमनाइट थेट खेळताच येत नाही, आधी 'मिस्टीरियस फॉसिल' नावाचं कार्ड टेबलावर ठेवायचं, त्याला फक्त १० एचपी (किती मार सोसेल तो आकडा), म्हणजे एका फटक्यात जाईल असं, आणि तो दगड टिकला तरच पुढच्या टर्नला त्याच्यावर ओमनाइट किंवा कबुटो ठेवायचा. जीवाश्म मिळणं पण असंच ना, बहुतेक नष्टच होतात, नशिबाने एखादा वाचतो. तुमच्या मुलाच्या '१५१' मधल्या फॉसिल कार्डाला ६० एचपी आहे, जरा दया दाखवलीय.

पण मला मनापासून आवडतं ते 'नोबल व्हिक्टरीज' सेटमधलं 'कव्हर फॉसिल'. त्यातून टर्टुगा नावाचं कासव येतं (खरा प्राणी आर्केलॉन, अमेरिकेत साउथ डकोटात सापडलेलं साडेचार मीटरचं समुद्री कासव). ते कार्ड खेळलं की आपल्या डेकच्या सगळ्यात खालची ७ कार्डं बघायची आणि त्यात टर्टुगा असेल तर काढायचा. वरची नाही, खालची! जुनं ते सगळ्यात खालच्या थरात, हे ज्याने कुणी सुचवलं त्याला सलाम. हे लक्षात आलं त्या दिवशी मी खेळ थांबवून समोरच्याला समजावत बसलो होतो.

निनाद_के

कबुटो म्हणजे ट्रायलोबाइट ना, तो जुना कवचवाला समुद्री प्राणी? मी तरी तेच वाचलं होतं.

डेक_मास्टर_पुणे

थोडासा ट्रायलोबाइट वाटतो खरा, पण नावातच उत्तर आहे. जपानीत कबुटो म्हणजे योद्ध्याचं शिरस्त्राण, आणि हॉर्सशू क्रॅबला ते लोक 'कबुटोगानी' म्हणतात, शिरस्त्राण खेकडा. १९९९ च्या कार्डावर त्याची पॉवर पण 'कबुटो आर्मर', झालेलं नुकसान अर्धंच मोजायचं.

दगडधोंडे

आणि ट्रायलोबाइट २५ कोटी वर्षांपूर्वीच संपले, हॉर्सशू क्रॅब मात्र आजही जिवंत आहे. नावात क्रॅब असला तरी खेकड्यापेक्षा कोळी-विंचवाला जवळचा. आपल्याकडे कोकणात नाही दिसत, ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर दोन जाती आहेत. त्याचं रक्त निळं असतं, आणि इंजेक्शनच्या औषधांत जिवाणूंचं विष आहे का हे तपासायला वर्षानुवर्षं तेच वापरत आलेत. म्हणजे आपण सगळ्यांनी कधी ना कधी घेतलेल्या इंजेक्शनमागे हा कबुटो असू शकतो.

मत्स्यगंधा

रेलिकँथबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, माझा सगळ्यात लाडका आहे तो. खरा मासा म्हणजे सीलाकँथ. डायनासोरांबरोबर नामशेष झाला असं सगळे शास्त्रज्ञ धरून चालले होते, आणि डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन बंदरात मच्छीमारी बोटीच्या ढिगात तो निघाला, दीड मीटर लांबीचा, निळसर. तिथल्या छोट्याशा म्युझियमच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर बाईंना तो वेगळा वाटला. एवढा मोठा मासा ठेवायला जागा नाही, उन्हाळ्याचे दिवस, तरी त्यांनी सोडला नाही, चित्र काढून प्राध्यापक स्मिथना पत्राने पाठवलं आणि मासा पेंढा भरून का होईना जपला. पुढे स्मिथनी त्याला नावच 'लॅटिमेरिया' दिलं. दुसरा मासा मिळायला १९५२ उजाडलं. त्या बाईंनी त्या दिवशी "असेल कुठलातरी" म्हणून दुर्लक्ष केलं असतं तर?

आणि गंमत बघा, कार्डांमध्ये रेलिकँथ फॉसिलपासून येत नाही. तो साधा बेसिक पोकेमॉन आहे, थेट हातातून टेबलावर. कारण तो जिवंतच आहे!

अनघा_ठाणे

अगं किती सुंदर! मत्स्यगंधा, हे वाचून दाखवलं तर लेकाने रेलिकँथचं कार्ड वहीतून काढून उशाशी ठेवलं. आणि ॲनोरिथ? तो तर कुठल्याच प्राण्यासारखा दिसत नाही.

दगडधोंडे

म्हणूनच शास्त्रज्ञ पण जवळजवळ शंभर वर्षं चुकले ताई. खरा प्राणी ॲनोमॅलोकॅरिस, कॅनडातला, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा. १८९२ मध्ये त्याचा नुसता एक वाकडा अवयव मिळाला, तो कोळंबीचं धड समजले आणि नाव ठेवलं 'विचित्र कोळंबी'. मग १९११ मध्ये अननसाच्या चकतीसारखं गोल काहीतरी मिळालं, त्याला जेलीफिश ठरवलं. शेवटी १९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी दाखवलं की ती कोळंबी म्हणजे तोंडापुढचे पकडायचे हात आणि तो जेलीफिश म्हणजे तोंड! ॲनोरिथच्या चित्रात पुढे ते दोन हात आणि अंगाच्या कडेने वल्ह्यांसारखी पाती आहेत बघा, अगदी तशीच. ऑस्ट्रेलियात मिळालेल्या जीवाश्मांवरून कळलं की त्याच्या एकेका डोळ्यात किमान १६,००० भिंगं होती.

लिलीप झाड वाटतं पण ती सी लिली, प्राणीच आहे, ताऱ्यामाशाची चुलत बहीण. खोल समुद्रात अजून आहेत.

निनाद_के

ड्रॅकोविश नावाच्या पोकेमॉनचं डोकं शेपटीवर का असतं मग? तसा प्राणी नसणार.

दगडधोंडे

नाही, पण तशी चूक खरंच झालीय. डोकं डंकलिओस्टियसचं आहे, दातांऐवजी हाडांच्या धारदार पट्ट्या असलेला मासा, ३६ कोटी वर्षांपूर्वीचा. आणि डोकं भलत्या टोकाला लावायचं म्हणाल तर अमेरिकेत एडवर्ड कोप या शास्त्रज्ञाने १८६८-६९ च्या सुमाराला इलॅस्मोसॉरस नावाच्या लांब मानेच्या समुद्री सरीसृपाचं डोकं शेपटीच्या टोकाला बसवून चित्र छापलं होतं. लीडी या दुसऱ्या शास्त्रज्ञाने चूक दाखवली तेव्हा कोप छापलेल्या प्रती परत गोळा करायला लागले.

अनघा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच विचारते, आबांकडे दुसरा एक शाळिग्राम आहे, अख्खा, गुळगुळीत. लेक म्हणतोय फोडून बघूया, आबा अर्थातच नको म्हणतायत. बाहेरून कळेल का आत काय आहे?

दगडधोंडे

अजिबात फोडू नका! देवाचा आहे आणि जीवाश्म म्हणून पण तो अख्खाच मोलाचा. आत बघायला टवका उडालेला आहेच. मोबाईलचा टॉर्च तिरका मारा, वरून सरळ नको, आणि भिंग घ्या. कप्प्यांच्या भिंती दिसतील, नशीब असेल तर भिंत जिथे शंखाला टेकते तिथे नेच्याच्या पानासारखी नागमोडी रेघ पण दिसेल, ती अमोनाइटची खूण.

अनघा_ठाणे

आत्ताच व्हिडिओ कॉल झाला. आबांनी देव्हाऱ्यातून काढून चष्म्यावर भिंग धरलं, लेक इथून "अजून तिरका, आबा, अजून तिरका" करत होता. नागमोडी रेघ नाही सापडली. कप्पे मात्र मोजले, सात स्पष्ट दिसले, आठवा टवक्यात गेलाय.