भाडेवाढ झाली तर सरकारकडून भाड्याला मदत मिळते का? (कल्याण)

प्रश्न
वन रूम किचन, भाडं 9,000, डिपॉझिट 50,000. 11 महिन्यांचा करार संपतोय, मालक 11,500 मागतोय. नवरा रिक्षा चालवतो, बायको घरकाम करते, दोघांचे मिळून महिना 24,000. ‘प्रधानमंत्री आवासमधून भाड्याचे पैसे खात्यात जमा होतात’ असं सांगून एक एजंट फॉर्मचे 1,500 मागतोय. खरं आहे का? आणि वर्षाला 4 टक्क्यांच्या वर भाडं वाढवता येत नाही ना?

उत्तर १
एजंटला एक रुपयाही देऊ नका. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 2.0 मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आहे, पण त्यातलं अनुदान घरं बांधणाऱ्याला जातं: चौरस मीटरमागे केंद्राचे 3,000 आणि राज्याचे 2,000. भाडेकरूच्या खात्यात काही येत नाही.

4 टक्क्यांचा नियम भाडे नियंत्रण कायद्याखालच्या, म्हणजे पागडीसारख्या जुन्या भाडेकरूंचा. लिव्ह अँड लायसन्सला (तुमच्यासारखा ठरावीक मुदतीचा करार) करारात लिहिलेली रक्कम हाच नियम. मुदत संपल्यावर मालक म्हणेल ते मान्य करा, नाहीतर खोली सोडा. अडून राहिलात तर याच कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाडं लागू शकतं.

उत्तर २
म्हणून घासाघीस मुदतीवर करा. 11 महिन्यांची सवय महाराष्ट्रात निरर्थक आहे, कारण त्याच कायद्याच्या कलम 55 मुळे नोंदणी तशीही सक्तीची. 33 महिन्यांचा करार मागा आणि दर 11 महिन्यांनी 5 टक्के वाढ त्यातच लिहून घ्या. 9,000 पासून ही वाढ धरून हिशेब केला तर मुद्रांक शुल्क (एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के, त्याच्या 0.25 टक्के) सुमारे 815 रुपये. शहरात नोंदणी फी 1,000, तीही तीनदा न भरता एकदाच. मालकाला हे आकडे दाखवा. वर्षावर्षाला नवा भाडेकरू शोधण्यापेक्षा बऱ्याचदा त्यालाही हेच बरं वाटतं. लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट) मात्र दोघांनाही सारखा लावा. फक्त भाडेकरूवर असेल तर फसगत.

उत्तर ३
खरी मदत हवी असेल तर ती घर घेण्यातच आहे. वर्षाला 2.88 लाख म्हणजे अत्यल्प उत्पन्न गट. म्हाडाच्या कोकण मंडळाची आवास योजनेतली घरं शिरढोण, खोणी इथे आहेत. त्यात केंद्राचे 1.5 आणि राज्याचा 1 लाख किमतीतून वजा होतात. म्हाडाबाहेर घेतलंत तर गृहकर्जावरचं व्याज अनुदान जास्तीत जास्त 1.80 लाख, पाच हप्त्यांत. घराची किंमत 35 लाखांच्या आत आणि कर्ज 25 लाखांच्या आत हवं. कर्जाचं बाकी मुद्दल अर्ध्याच्या खाली गेलं तर अनुदानाचे पुढचे हप्ते थांबतात. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत.

आयटी रिटर्न नसेल तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, पती-पत्नी दोघांचं उत्पन्न धरून. अधिवास दाखला 1 जानेवारी 2018 नंतरचा, बारकोडवाला लागतो. जुना जोडल्यामुळे अर्ज अडकतात.

प्रश्नकर्ता
गावाला नवऱ्याच्या वडिलांचं पक्कं घर आहे. अडेल का?

उत्तर ३
वडिलांच्या नावावर असेल तर नाही. आवास योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. पण वारस म्हणून नमुना आठवर (ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा उतारा) नवऱ्याचं नाव चढलं असेल तर अडचण आहे, कारण या योजनेत भारतात कुठेही पक्कं घर चालत नाही. ग्रामपंचायतीतून आधी उतारा काढून बघा.




उत्तर १
तोपर्यंत डिपॉझिट चेकने किंवा यूपीआयने दिल्याचा पुरावा जपून ठेवा.