मिरजेत नवीन पाळक, घरभेटी कधी ठेवाव्यात?

जय ख्रिस्त! नगरहून बदली होऊन मिरजेला आलोय. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं दवाखाना उभारला, आणि आमच्या मंडळीतही नर्सिंगवाली घरं भरपूर. त्यामुळे घरभेटीचा मेळच बसेना. परवा नाइट करून आलेल्या सिस्टरनी डोळे चोळत चहा टाकला. कळवून गेलं की जेवणाचा घाट घालतात, न कळवता गेलं की दाराला कुलूप! तासगावकडची कुटुंबं तर द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत दिवसभर बागेत. इथल्या जुन्या लोकांनी सांगा, वेळ कोणती धरू? की गल्लीवार संध्याकाळची प्रार्थना लावू?

आणखी एक, उपासनेच्या पेटीचा भाता फाटलाय. सतार-तंबोऱ्यांच्या या गावात पेटी दुरुस्त करणारं चांगलं कोण आहे?