मदत हवी आहे: कोलकात्यात तीन दिवस, सोबत शाकाहारी आई. कुठे जेवावं?

मंडळी, जानेवारीत शुक्रवारी दुपारी कोलकात्याला पोचतोय, सोमवारी सकाळी परत. मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि माझी आई. मुक्काम पार्क स्ट्रीट मेट्रो स्टेशनजवळ. व्हिक्टोरिया, इंडियन म्युझियम, मूर्तिकारांची वस्ती कुमारटुली, पुस्तकांच्या दुकानांचा कॉलेज स्ट्रीट एवढं बघायचं ठरलंय. बघण्याबद्दल इथे भरपूर धागे आहेत, ते वाचलेत. अडलंय ते खाण्यापाशी.

हाताशी दुपारची दोन जेवणं, रात्रीची तीन आणि तीन नाश्ते. यादीत मात्र तीसेक नावं. नवऱ्याला निझामचा काठी रोल आणि चितपूरच्या रॉयल इंडियन हॉटेलची बिर्याणी हवीच आहे. लेकीला पार्क स्ट्रीटवरच्या फ्लुरीज या जुन्या टी-रूममध्ये नाश्ता करायचाय, आणि तेही फक्त ते १९२७ सालचं आहे म्हणून! मला स्वतःला पाइस हॉटेल बघायचंय. केळीच्या पानाचेही वेगळे पैसे लावणारी, फळ्यावर खडूने रोजचे पदार्थ लिहिणारी ही साधी भोजनालयं अजून चालू आहेत, याचंच मला फार अप्रूप आहे.

पण माझा खरा प्रश्न आईचा. ती अंडंही खात नाही. शेजारच्या ताटात मासा आला तर तिची हरकत नसते, फक्त तिच्या ताटात त्याचा रस्सा नको. आणि ती कधीच तक्रार करत नाही. बाहेरगावी गेलं की आम्ही तिथलं खास काहीतरी मागवतो आणि तिच्यापुढे येतं पनीर आणि जिरा राईस. "मला चालेल गं" म्हणून ती जेवते. या वेळी मला ते नकोय. तिने बंगालचं जेवण जेवावं, आमच्याइतकंच चांगलं.

आणि तिथे तशी सोय आहे हे वाचून माहीत आहे. कडू कारलं घातलेलं शुक्तो, केळफुलाचं मोचार घंट, हरभऱ्याच्या डाळीच्या वड्यांचं धोकार डालना, खसखशीतला आलू पोस्तो. बंगालमध्ये विधवांना मासे, कांदा, लसूण, अगदी मसूरडाळही वर्ज्य होती. त्या बायकांनी उरलेल्या जिनसांतून यातला बराच स्वयंपाक घडवला. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "मग ते जेवायलाच हवं." म्हणून एवढी खटपट.

तर जाणकारांनी सांगावं:
शाकाहारी बंगाली जेवण चांगलं कुठे मिळेल, आणि ते दुपारी घ्यावं की रात्री? पाइस हॉटेलात आईला नेणं बरं की तिची पंचाईत होईल? पार्क स्ट्रीटवर राहतोय तर रात्रीची तिन्ही जेवणं तिथेच घ्यावीत का?

प्रतिसाद १

ताई, बरीच वर्षं कोलकात्यात काढली आहेत म्हणून लिहितो. आधी सर्वांत महत्त्वाचं. इथे भाजीच्या नावावर जाऊ नका. मोचार घंटात कोळंबी असू शकते, दुधीतही असते (लाऊ चिंगरी, म्हणजे दुधी-कोळंबी, तर प्रसिद्धच आहे). डाळीत माशाचं डोकं घालण्याची पद्धत आहे. वेटरला 'व्हेज आहे का' एवढंच विचारू नका. 'निरामिष' म्हणा आणि चिंगरी, माछ नाही ना हे प्रत्येक पदार्थाला वेगळं विचारा. कोणालाही राग येत नाही.

दुसरं, बंगाली जेवण दुपारीच घ्या. शुक्तो हे दुपारच्या जेवणाच्या सुरुवातीचं असतं, रात्री ते खायची रीत नाही. जेवण क्रमाने येतं: आधी कडू, मग डाळ आणि भाजा (तळलेल्या भाज्या), मग भाज्या, शेवटी चटणी-पापड आणि गोड. आईंना सगळं एकदम ताटात वाढून घ्यायची सवय असेल तर तेवढं सांगून ठेवा. सुरुवातीलाच पोट भरलं तर पुढची मजा जाते. बऱ्याच ठिकाणी दुपारनंतर स्वयंपाकघर बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं, त्यामुळे एक-दीडच्या आत बसा.

तुमची दोन्ही दुपारची जेवणं यातच घाला. एक 'सिक्स बालीगंज प्लेस'ला. निरामिष पदार्थांना तिथे चांगली जागा आहे आणि बसायला आरामशीर. रविवारी गर्दी असते, आधी फोन करा. दुसरं पाइस हॉटेलात.

धागाकर्ती

कोळंबीचं माहीतच नव्हतं, फार उपयोगी सांगितलंत. पण पाइस हॉटेलात आईचं कसं व्हायचं? एकच स्वयंपाकघर असणार.

प्रतिसाद १

एकच असतं, ते खरं. पण तिथे प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत, वेगळा मागवायचा असतो. भात, डाळ, भाजा, पोस्तो, चटणी असं आईंनी घ्यावं. तेवढ्यावरही झकास जेवण होतं. कॉलेज स्ट्रीटजवळ भवानी दत्त लेनमध्ये 'स्वाधीन भारत हिंदू हॉटेल' आहे, तिथे जा. जागा अरुंद, टेबलं एकमेकांना खेटून, बाजूला माशाचा काटा काढत बसलेला कोणीतरी असणारच. आईंना ते सोसणार नसेल तर मात्र आग्रह करू नका. नवरा आणि तुम्ही जा. आणि हे शनिवारी करा. रविवारी कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं बहुतेक बंद असतात, मग तिकडे जाण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २

शनिवारी तिकडे जाणारच असाल तर हॉटेलचा नाश्ता सोडा. पुटीरामच्या दुकानात कचोरी आणि छोलार डाल (हरभऱ्याची डाळ) खा. डाळ किंचित गोडसर, खोबऱ्याचे तुकडे घातलेली. आईंना नक्की आवडेल. मग पुस्तकं, मग कॉलेज स्क्वेअरला पॅरामाउंटचं शहाळ्याचं सरबत. १९१८ सालचं दुकान आहे. कॉफी हाउसमध्ये लेकीला वरच्या गॅलरीत बसवा; तिथून खालचा सगळा गजबजाट दिसतो. खाण्यासाठी नाही, बसण्यासाठी जायचं तिथे.

रात्रीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. चौघांनी रोज रात्री एकाच टेबलावर जेवलं पाहिजे असं धरू नका. दुपारी बंगाली जेवण पोटभर झालं की रात्री आईंना भूक नसणार. काठी रोल संध्याकाळी उभ्या उभ्या होतो, निझाम न्यू मार्केटजवळ, तुमच्या मुक्कामापासून लांब नाही. रॉयल मात्र चितपूरला, नाखोदा मशिदीच्या बाजूला. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा हवाच, पण रॉयलची जुनी ओळख बिनबटाट्याच्या बिर्याणीची. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कोलकात्यात मटियाबुर्जला आला, त्याच्यामागून ही खाद्यपरंपरा आली. नवरा आणि लेक तिकडे जाऊ देत, तुम्ही आईंबरोबर थांबा.

पार्क स्ट्रीटची एक रात्र पुरे. पीटर कॅट रेस्टॉरंटला रांग असते, आईंना ताटकळत ठेवू नका. मोकॅम्बोला जा, १९५६ सालचं आहे, तो जुना थाट बघण्यासारखा आहे. पण आईंच्या जेवणासाठी ती जागा नाही, हे आधीच धरून चला.

प्रतिसाद ३

जानेवारीत जाताय आणि नोलेन गुड़ाचं कोणीच बोलत नाही? खजुराच्या रसाचा नवा गूळ हिवाळ्यातच मिळतो. कुमारटुली बघून येताना हेदुआजवळ गिरीशचंद्र दे–नकूरचंद्र नंदी यांच्या दुकानी जा, १८४४ सालचं आहे. बसायची सोय नाही, बाहेर उभं राहून खायचं. जलभरा संदेश मागा. आत पातळ गूळ असतो, पहिला घास जपून, मान पुढे काढून घ्या, नाहीतर साडीवर ओघळतो. छेना आणि गूळ, आईंना काही विचारायलाच नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार: पुटीराम, कॉलेज स्ट्रीट, सरबत, दुपारी पाइस हॉटेल. आईला बाजूच्या ताटांबद्दल सांगून विचारलं, तर म्हणाली, "मी भिंतीकडच्या खुर्चीत बसेन." रविवार: लवकर कुमारटुली, येताना संदेश, दुपारी बालीगंज, फोन आत्ताच करून ठेवते. संध्याकाळी रोल.

रॉयलचं मात्र मी बदललं. दोघांनी तिकडे जेवायचं आणि आई-मी खोलीत, हे मला पटत नाही. त्यापेक्षा नवरा सोमवारी निघताना पार्सल घेईल. तेवढ्या सकाळी बिर्याणी मिळते का, कोणाला माहीत आहे?

प्रतिसाद २

सकाळच्या विमानाला जाताना नाही जमणार. रविवारी रात्रीच आणायला सांगा. आणि आईंसाठी येताना कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून मातीच्या मडक्यातलं मिष्टी दोई (गोड दही) आणा, म्हणजे सगळे एकाच खोलीत बसून जेवाल.