पोफळीच्या सुपाऱ्या गळतायत, हा कोळेरोगच का? आणि दुकानातून दिलेलं औषध सुपारीला चालतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फोंडा तालुक्यात आमचं छोटंसं कुळागर आहे, पोफळी, मधेमधे माड, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली आणि खाली केळी. इतकी वर्षं सगळं बाबा बघायचे, यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून माझ्याकडे आलं. मेअखेरीस बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारायचं ठरलेलं पण पाडेली (पोफळीवर चढणारा गडी) मिळेना, मिळाला तोवर पाऊस लागला, मग एका उघडिपीत घाईघाईने एकच फवारणी उरकली.

आता जुलै संपत आला आणि ओहोळाकडच्या पोफळींखाली रोज सकाळी हिरव्या सुपाऱ्यांचा सडा. हातात घेऊन बघितलं तर टोपीजवळ गडद हिरवा, पाणी मुरल्यासारखा डाग, तो खाली पसरत जातो. दोन दिवस पडून राहिलेल्या सुपारीवर पांढरी बुरशी. पण वरच्या टप्प्यातल्या पोफळींवर डाग नाहीच, तिथे सुपारी नुसती उभी फुटतेय. हा एकच रोग की दोन वेगळ्या गोष्टी?

दुसरं म्हणजे औषध. दुकानात फोटो दाखवला तर मेटॅलॅक्सिल आणि मँकोझेब एकत्र असलेलं पाकीट दिलं, म्हणाले सगळे हेच मारतात. घरी येऊन आतला कागद भिंग लावून वाचला, त्यावर बटाटा आहे, द्राक्ष आहे, सुपारी कुठेच नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी होते तेव्हा कुठल्या पिकाला, कुठल्या रोगाला, किती प्रमाणात हे ठरलेलं असतं ना? मग सगळे मारतात म्हणून मी कसं मारू? आमच्या पाटाचं पाणी खाली शेजाऱ्यांच्या विहिरीशेजारून जातं, केळीच्या पानावर आम्ही जेवतो, मिरी घरात वापरतो. पाकीट अजून फोडलेलं नाही. कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, पाकीट फोडलं नाही ते बरं केलं. टोपीकडून डाग आणि वर पांढरी बुरशी म्हणजे बहुतेक कोळेरोगच, म्हणजे फायटोप्थोरा नावाच्या बुरशीमुळे सुपारी सडून गळण्याचा रोग. खात्रीसाठी नुकत्याच पडलेल्या चार-पाच सुपाऱ्या कागदात गुंडाळून जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या, सडलेल्या नेऊ नका, त्यावर दुसऱ्याच बुरश्या चढतात. वरची फुटणारी सुपारी वेगळी, तिथे पाण्याचा निचरा आणि पोटॅश बघा, त्यावर बुरशीनाशक मारून काही होणार नाही. पडलेल्या सुपाऱ्या मात्र रोज गोळा करून बाहेर काढा, रोग तिथूनच परत वर चढतो. बोर्डो १ टक्का म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या पिंपात ५०-५० लिटरमध्ये विरघळवून मोरचूद चुन्यात ओता, उलट नको. मग घासलेली सुरी बुडवून बघा, तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी संपवा. पहिल्या फवारणीनंतर ४०-४५ दिवसांनी दुसरी लागतेच. आणि मिरवेलीच्या बुंध्याकडेही बघा, पानं काळी पडून गळत असतील तर तिथेही फायटोप्थोराच्याच गटातली बुरशी असू शकते.

परत मी:
खूप खूप आभार, उद्या सकाळीच सुपाऱ्या घेऊन जाते. मिरवेली आत्ताच बघून आले, दोन वेलींची खालची पानं काळी आहेत, त्यांचाही नमुना नेते. एकच सांगा, पहिली फवारणी १२ जूनची, म्हणजे दुसरीची वेळ आत्ताच आलीय आणि पाऊस थांबतच नाही. पाडेल्याला उघडिपीसाठी थांबवून ठेवू की तोवर खालच्या घोसांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून घेऊ? रोग लागल्यावर बांधलेल्या पिशवीचा उपयोग होतो का?