"कागद नीट ठेवा, कोणी अडवत नाही" म्हणे!

बारा_टायर
परवा इथं एकानं लिहिलं, "ट्रान्सपोर्टवाल्यांनी रडगाणं बंद करावं. कागद नीट ठेवले की रस्त्यावर कोणी अडवत नाही. थोडी शिस्त लागते, बस." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथंच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

माझ्या तीन गाड्या. पासिंग (म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी), परमिट, विमा, टॅक्स, पीयूसी सगळं चालू. मागच्या पावसाळ्यात जालन्याहून कळंबोलीला सळई भरायची होती. कारखान्यानं शुक्रवारी दुपारीच ई-वे बिल (माल वाहून न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) काढलं आणि त्यात माझ्या गाडीचा नंबरही टाकून मोकळे झाले. गाडी तेव्हा गेटबाहेर रांगेत, पुढं एकवीस गाड्या. भरून, काट्यावर वजन करून, ताडपत्री-रस्सा बांधून निघाली ती शनिवारी रात्री. अंतर चारशेच्या आत, 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे बिलाची मुदत रविवारी मध्यरात्रीपर्यंत. त्यातला दीड दिवस गेटवरच संपलेला.

रविवारी सकाळी शिरूरच्या अलीकडे मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. रविवार असल्यानं दुकानं बंद. मी स्वतः पुण्याहून बेअरिंग घेऊन गेलो, गाडी उभी राहीपर्यंत सोमवार उजाडला. अकरा वाजता तपासणीत धरली. मुदत संपल्यावर आठ तासांच्या आत वाढवून घेता येते, म्हणजे सकाळी आठपर्यंत. तीन तासांनी हुकलो.

माल 12 लाखांचा, त्यावर 18 टक्के कर 2,16,000, दंड कराच्या दुप्पट, 4,32,000. आणि कर बिलात लावलेलाच होता! कारखान्यानं बँक गॅरंटी देऊन माल सोडवला, पण माझं तीन ट्रिपांचं भाडं अडकवून ठेवलं. गाडी नऊ दिवस उभी. हप्ता मात्र उभा राहत नाही.

आता त्या शिस्तवाल्यानं सांगावं, यातला कुठला कागद नीट नव्हता?

काटा_पावती
ई-वे बिल. तुम्हीच सांगितलंत की.

मी एका कारखान्यात डिस्पॅच बघतो (तुमच्या नव्हे, उगाच चिडू नका). मुदत वाढवण्याचं काम ट्रान्सपोर्टरचंच, मोबाइलवर पाच मिनिटांचं. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ, असे सोळा तास हातात होते. गाडी रविवारी सकाळी बंद पडली, रात्री मुदत संपणार हे दिसत होतं. तुम्ही बेअरिंग आणायला धावलात, कौतुक आहे, पण ऑफिसात कोण होतं?

नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी पासिंग, पुढं दरवर्षी. नॅशनल परमिटची फी वर्षाला 16,500. यात अचानक काय येतं? तरी दर महिन्याला आमच्या गेटवर विमा संपलेली एक तरी गाडी येते आणि मालक म्हणतो, "आजचा दिवस भरा, उद्या काढतो." मी पंचवीस गाड्यांच्या तारखा एका एक्सेलच्या पानावर ठेवतो. पान फुकट आहे.

बारा_टायर
ऑफिस? ऑफिस माझ्या शर्टाच्या खिशात असतं. रविवारी ते ग्रीसमध्ये बरबटलेलं होतं.

आणि गाडी रांगेत असताना नंबर टाकून बिल कोण काढतं? तुमच्यासारखेच डिस्पॅचवाले. मुदत सुरू होते तिथून. तुमची लोडिंगची बोंब, घड्याळ माझं!

सातबारा
अपील केलं नाही का? जानेवारी 2022 मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच म्हटलंय, नुसती ई-वे बिलाची मुदत संपली म्हणून करचोरीचा हेतू होता असं धरता येत नाही. उलट कर खात्यालाच खर्चाचा भुर्दंड बसला.

बारा_टायर
हो, वकिलानं तेच सांगितलं आणि मग फी सांगितली.

काटा_पावती
नंबरचा मुद्दा मान्य. गाडी काट्यावर चढल्याशिवाय नंबर टाकू नये, आमच्याकडेही असं होतं. पण मग ओव्हरलोडचंही बोलू. जुलै 2018 मध्ये सरकारनं ॲक्सलवरच्या (चाकांच्या आडव्या दांड्यावरच्या) वजनाची मर्यादा वाढवली, चार टायरच्या ॲक्सलला 10.2 टनांवरून 11.5. दहा टायर गाडी मालासकट 25 वरून 28.5 टन. तुमच्याच लोकांची मागणी होती. मग ओव्हरलोड थांबलं? 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. पाच टन जास्त म्हणजे 30,000. तरी मालक स्वतः फोन करून सांगतात, "साहेब, तीन टन वर टाका, परवडत नाही."

बारा_टायर
मर्यादा वाढली आणि दुसऱ्या महिन्यात टनाचा दर उतरला, हे नाही लिहिलंत. आणि ओव्हरलोडच्या कलमात "चालवणारा किंवा चालवायला लावणारा" असं आहे. लावणाऱ्यावर एक चालान झालेलं दाखवा, मी गाड्या विकतो.

घाट_उतार
तुमची एक्सेलं आणि कलमं चालू द्या. मी रोज कात्रज बोगद्यापासून नवले पुलाच्या उतारावरून स्कूटरनं जातो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथं एका ट्रकनं 48 गाड्या ठोकरल्या. मी दहा मिनिटं आधी तिथून गेलो होतो. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतार उतरत होता, असं तेव्हा तपासात सांगितलं गेलं. पासिंगमध्ये हे कुठं तपासतात?

काटा_पावती
हे कागदाचं काम नाही, हा ड्रायव्हरचा मूर्खपणा. इंजिन बंद केलं की ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. पुन्हा पुन्हा ब्रेक दाबले की टाकीतली हवा उतरते. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ नाही, सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर, ड्रम तापले की ब्रेक धरत नाहीत. गंमत म्हणजे नव्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल आपोआप तुटतं. न्यूट्रल टाकून उलट इंजिन नुसतं चालू राहण्याचं (आयडलचं) डिझेल जळतं. पण सांगणार कोणाला?

रामराम_पाहुणं
मूर्खपणा म्हणालात ना? एकोणतीस वर्षं स्टेअरिंगवर होतो, आता गुडघे गेले म्हणून घरी. सांगतो मूर्खपणा काय असतो.

शेठ डिझेल देतो मापून. जाऊन-येऊन इतके लिटर. वर लागलं तर पगारातून, उरलं तर माझं. तीन तास जाममध्ये अडकलो, डिझेल माझं. खालापूरला चढ चढलो, माझं. मग उतार दिसला की हात आपसूक गिअरवर जातो, साहेब. ती अक्कल नसते, ती पोराची फी असते.

तुमचं ते गिअरमध्ये डिझेल तुटतं वगैरे मला पहिल्यांदा कोणी सांगितलं माहितीये? दुसऱ्या ड्रायव्हरच्या पोरानं, मोबाइल बघून. मालकानं नाही, गाडी विकणाऱ्यानं नाही, लायसन देणाऱ्यानं तर नाहीच.

आणि झोप! 1961 च्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यात दिवसाला आठ तास लिहिलेत. आता तो नव्या कामगार संहितेत गेला, आकडा आठच. मी आठ तासांत कधी गाडी खाली केली नाही. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन आली, चांगलं झालं. माझ्या गाडीत इंजिनाची धग डाव्या मांडीला लागायची. अजून तिथं केस नाहीत.

घाट_उतार
काका, तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण पोराच्या फीसाठी माझ्या अंगावर 40 टन सोडायचे?

रामराम_पाहुणं
सोडायचे नाहीत. मी नंतर सोडले पण नाहीत. पण माझ्या जागी जो बसला तो सोडत असेल, कारण माप तेच आहे.

काटा_पावती
भावनेला हात घालणं सोपं असतं. कोणी बंदूक लावत नाही गिअरवर. नोकरी सोडा, ड्रायव्हरांची टंचाई आहे, दुसरीकडं मिळते.

रामराम_पाहुणं
वा. आणि दुसरा शेठ डिझेल पिंपानं देतो काय? एसीत बसून दुसरीकडं मिळते म्हणे. ये एकदा क्लीनर म्हणून, जालना ते न्हावा शेवा. तिसऱ्या रात्री तुझं एक्सेल बघू.

सातबारा
अरे-तुरेवर नको. मूळ विषय कागदांचा होता.

घाट_उतार
मूळ विषय गेला खड्ड्यात. बारा_टायर, तुम्ही गप्प का? तुमच्या तीन गाड्यांना डिझेल कसं देता?

बारा_टायर
*(दुसऱ्या दिवशी)*
मापूनच देतो. सगळेच देतात. नाही दिलं तर ढाब्यावर डिझेल विकलं जातं, तेही या काकांना माहीत आहे.

रामराम_पाहुणं
माहीत आहे. नाही म्हणत नाही. मीही दोनदा विकलंय.

बारा_टायर
काल रात्री माझ्या जुन्या ड्रायव्हरला फोन केला. विचारलं, बोरघाटात न्यूट्रल करतोस का? आधी हसला. मग म्हणाला, "माल भरलेला असला की नाही करत, शेठ." म्हणजे रिकामी असली की करतो. घाटाच्या ट्रिपला दहा लिटर वाढवून देतो म्हटलं. विश्वास बसला नसावा, दोनदा विचारलं त्यानं.

काटा_पावती, ते एक्सेलचं पान पाठवा. आभार वगैरे मानणार नाही. आणि दहा लिटर ट्रिपला कुठून काढू तेही त्याच पानावर लिहा. तुमच्या कारखान्यानं टनाचा दर शेवटचा कधी वाढवला?

काटा_पावती
पान पाठवलंय. दर माझ्या हातात नाही, परचेसवाले ठरवतात.

बारा_टायर
मग त्यांना आणा इथं.